ऐंशी मिनिटे आणि एक मागचा अ‍ॅक्सल

१

यंत्रांचा इतिहास आपल्याकडे बहुधा दोनच तऱ्हांनी सांगितला जातो. पहिली तऱ्हा शोधकाची: अमुक साली अमुक गृहस्थाने अमुक यंत्राचे पेटंट घेतले. दुसरी विक्रमाची: अमुक चालकाने अमुक गाडी अमुक वेळात अमुक ठिकाणी पोचवली. या दोहोंच्या मध्ये यंत्राचे प्रत्यक्ष आयुष्य असते. ते झिजते, मोडते, कुणीतरी त्याच्याखाली आडवा होऊन ते उघडतो, एक भाग काढून दुसरा बसवतो आणि ते पुन्हा चालू लागते. हा सारा मधला पट्टा कथनातून गळून पडतो. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या ग्रंथात याच उणिवेवर बोट ठेवले आहे. तंत्रज्ञानाचा इतिहास नवलाईच्या अंगाने न लिहिता वापराच्या अंगाने लिहावा, आणि वापर म्हटला की देखभाल-दुरुस्ती त्यात आलीच, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

साहित्याच्या अभ्यासकांना हा आक्षेप परका वाटू नये. आख्यान कोणाला केंद्रस्थानी ठेवते, कोणाला नाव देते आणि कोणाला नुसते ‘एक मनुष्य’ म्हणून मागे टाकते, हे प्रश्न आपण कथा-कादंबरीला नेहमी विचारतो. हेच प्रश्न मोटारींच्या शर्यतीतल्या एका प्रसिद्ध किश्श्याला विचारून पाहावेत, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. किस्सा १९६८ सालच्या लंडन ते सिडनी या रॅलीतला. त्याच्या मध्यभागी मोटारीच्या मागच्या अ‍ॅक्सलमधला ‘डिफरन्शिअल’ हा दातेरी चक्रांचा जोड आहे, आणि तो बदलण्यात गेलेली ऐंशी मिनिटे आहेत. आम्ही मोटारींचे जाणकार नाही, मराठीचे अध्यापक आहोत. पण किश्श्याचा अर्थ लावायचा तर त्यातले यंत्र नीट समजून घ्यावे लागते. ते न समजता केलेले वाचन अर्धवट राहते, असे आमचे मत आहे.

२

आधी पार्श्वभूमी. नोव्हेंबर १९६७ मध्ये ब्रिटनने आपल्या चलनाचे अवमूल्यन केले, २.८० डॉलरचा पौंड २.४० डॉलरवर आला. त्या खिन्न वातावरणात ‘डेली एक्स्प्रेस’ या वृत्तपत्राचे मालक सर मॅक्स एटकिन आणि त्यांचे सहकारी यांच्या चर्चेतून एका अतिदूरच्या मोटार रॅलीची कल्पना निघाली. राष्ट्राचे मनोधैर्य वाढावे आणि वाटेवरच्या देशांत ब्रिटिश मोटारींची जाहिरात व्हावी, असा दुहेरी उद्देश. पहिले बक्षीस १०,००० पौंडांचे होते. २४ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसपासून ९८ गाड्या निघाल्या. पॅरिस, तुरीन, बेलग्रेड, इस्तंबूल, तुर्कस्तानातले सिवास आणि एरझिंजान, तेहरान, काबूल, दिल्ली असा मार्ग आक्रमत त्या मुंबईला यायच्या होत्या. मुंबईहून ‘चुसान’ या जहाजाने गाड्या पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटल बंदरात उतरायच्या आणि पर्थपासून सिडनीपर्यंत पुन्हा रस्त्याने धावायच्या. एकूण रस्ता सुमारे १६,००० किलोमीटरचा.

अशा रॅलीचे गणित साध्या शर्यतीपेक्षा वेगळे असते. वाटेत ठरावीक ठिकाणी तपासणी-ठाणी असतात. दोन ठाण्यांमधले अंतर कापायला वेळ नेमून दिलेला असतो आणि उशिराच्या प्रत्येक मिनिटाला एक दंडगुण पडतो. ज्याचे दंडगुण सर्वांत कमी तो विजयी. म्हणजे इथे वेगाइतकेच मोल न थांबण्याला आहे. गाडी बिघडून उभी राहिली की घड्याळ चालूच राहते, आणि दुरुस्तीचे प्रत्येक मिनिट शर्यतीच्याच हिशेबात जमा होते.

मराठी वाचकाला या मार्गातले एक ठिकाण जवळचे आहे. मुंबई हे या रॅलीच्या आशियाई भागाचे शेवटचे ठाणे होते आणि तिथवरचा निकाल मुंबईत ठरला. त्या निकालात पहिल्या स्थानी होते रॉजर क्लार्क हे इंग्लिश चालक आणि त्यांचे स्वीडिश सहचालक ओव्ह अँडरसन. गाडी फोर्ड कंपनीची लोटस कॉर्टिना. तुर्कस्तानात सिवास ते एरझिंजान हा सुमारे २७५ किलोमीटरचा अवघड टप्पा क्लार्क यांनी ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास सरासरी वेगाने काढला होता. पाकिस्तान आणि भारतात काही वेळ गमावूनही मुंबईपर्यंत त्यांची आघाडी टिकली. त्यांच्यामागे सिमो लॅम्पिनेन यांची फोर्ड टाउनस, आणि तिसऱ्या स्थानी लुसियाँ बियांकी यांची सिट्रोएन डीएस. ५ डिसेंबरच्या पहाटे जहाज सुटले तेव्हा ही शर्यत क्लार्क जिंकणार, असे मानायला पुरेसे कारण होते.

३

आता तो मागचा अ‍ॅक्सल. लोटस कॉर्टिना ही मागच्या चाकांना जोर देणारी गाडी. इंजिन पुढे असते, त्याचा जोर लांब शाफ्टवाटे गाडीच्या पोटाखालून मागे जातो आणि मागची दोन चाके गाडी ढकलतात. आपल्याकडे अ‍ॅम्बॅसेडर आणि प्रीमिअर पद्मिनी या दोन्ही गाड्या याच जातीच्या होत्या. मालट्रकच्या मागे उभे राहून खाली पाहिले, तर दोन चाकांना जोडणाऱ्या नळीच्या मधोमध ओतीव लोखंडाचा एक गोल फुगवटा दिसतो. गॅरेजात त्याला हौसिंग म्हणतात. डिफरन्शिअल असतो तो त्याच्या पोटात.

त्याची गरज का पडते, हे बैलगाडीशी तुलना केली तर पटकन कळते. बैलगाडीचा आख जागच्या जागी स्थिर असतो आणि दोन्ही चाके त्याच्या टोकांवर सुटी फिरतात. वळणावर बाहेरचे चाक जास्त फिरते, आतले कमी. कोणी कोणाला अडवत नाही. वंगण घातले की काम भागले. याचे कारण असे, की तिथे ओढणारे बैल आहेत. चाकाने फक्त गडगडायचे आहे. मोटारीत मात्र चाकानेच गाडी पुढे न्यायची असते. मग दोन्ही चाके एकाच दांड्याला पक्की जोडली तर वळणावर घोटाळा होतो. दोन चाकांत १.३ मीटर अंतर असेल तर काटकोनात वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा सुमारे दोन मीटर अधिक जावे लागते, वळण मोठे असो की लहान. पक्क्या दांड्यावर हे दोन मीटर कुणीतरी घासतच काढणार: टायर झिजणार, दांडा पिळवटणार, गाडी वळायला कुरकुरणार.

पेक्वेर या फ्रेंच यंत्रज्ञाने वाफेच्या गाडीसाठी १८२७-२८ च्या सुमारास यावर उपाय काढून त्याचे पेटंट घेतले. १८७७ साली इंग्लंडच्या कॉव्हेंट्री गावात जेम्स स्टार्ली यांनी तीनचाकी सायकलीसाठी तेच तत्त्व वापरले आणि पुढे मोटारीने ते उचलले. रचना अशी: इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टच्या टोकाला एक लहान दातेरी चक्र असते, ते पिनियन. पिनियन एका मोठ्या, ताटासारख्या दातेरी चक्राला फिरवते, ते क्राऊन. इथे दोन कामे होतात: फिरण्याची दिशा काटकोनात वळते आणि फेऱ्या कमी होऊन जोर वाढतो. पिनियनला दहा दाते आणि क्राऊनला एकोणचाळीस असले तर चाकाच्या एका फेऱ्यासाठी शाफ्टला ३.९ फेरे घ्यावे लागतात. क्राऊनला एक पिंजरा जखडलेला असतो आणि त्या पिंजऱ्यात लहान चक्रे एका खिळीवर सुटी बसवलेली असतात. आपले मेकॅनिक त्यांना स्टार पिनियन म्हणतात. त्यांच्या दोन बाजूंना, दोन चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांच्या टोकांची चक्रे अडकलेली असतात. गाडी सरळ जाते तेव्हा स्टार पिनियन आपल्या खिळीवर फिरतच नाहीत. सारा पिंजरा एकसंध फिरतो. वळण आले की ते फिरू लागतात, आणि एका चाकाचा जेवढा वेग कमी होतो तेवढाच दुसऱ्याचा वाढतो. दोहोंची सरासरी क्राऊनच्या वेगाइतकीच राहते. वेग वेगळे, पण दोन्ही बाजूंना पोचणारा जोर सारखा.

या समन्यायातच त्याचा दोषही आहे. एक चाक चिखलात किंवा सुट्या खडीवर गेले की त्याला जोर लागेनासा होतो; ते भिरभिरते आणि दुसऱ्या, घट्ट जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच क्षीण जोर मिळतो. म्हणून रॅलीच्या गाड्यांत हा फरक एका मर्यादेपर्यंतच होऊ देणारे डिफरन्शिअल बसवू लागले. तशा रचनेचा एक महत्त्वाचा टप्पा १९३० च्या दशकात ऑटो युनियनच्या शर्यती गाड्यांसाठी जर्मनीच्या झेडएफ कंपनीने केलेल्या कामात दिसतो. पण रचना कोणतीही असो, खराब रस्त्यावर या जोडाचे हाल ठरलेले. गाडी उंचवट्यावरून उडते, चाके हवेत मोकळी गरगरतात आणि पुन्हा जमिनीला टेकताना तो सगळा धक्का मूठभर दात्यांवर येतो.

दाते गेले तर काय करतात? गॅरेजातले रीतसर काम वेळखाऊ असते. क्राऊन आणि पिनियन कारखान्यातच एकमेकांशी घासून जुळवलेले असतात. त्यामुळे एकाला बदलून भागत नाही, जोडी बदलावी लागते. मग पातळ शिम घालून त्यांची खोली जमवायची, दात्यादात्यांतली फट एक-दोन दशांश मिलिमीटरवर आणायची, दात्यांना रंग लावून चक्र फिरवायचे आणि रंग दात्याच्या मधोमध पुसला जातो की टोकाला, ते पाहायचे. फट जास्त राहिली तर गाडी वेग घेताना आणि सोडताना आवाज करते. कमी राहिली तर दाते तापतात. रस्त्याच्या कडेला हे शक्य नाही. तिथे एकच मार्ग उरतो: तयार जुळवलेला जोड सबंध आणायचा आणि बसवायचा. त्या काळच्या कॉर्टिनात त्याची सोय होती. चाकांकडे जाणारे दोन्ही दांडे बाहेर ओढले, लांब शाफ्ट सोडवला आणि हौसिंगच्या तोंडावरचे नट काढले की सगळा जोड पुढच्या बाजूने अखंड बाहेर येई. बाहेर येई हे खरे. पण आत बसवायला दुसरा हवा.

४

ऑस्ट्रेलियात क्लार्क यांचे नशीब फिरले. आधी इंजिनाचा पिस्टन गेला आणि ते तिसऱ्या स्थानावर घसरले. त्यांच्याच संघातली दुसरी कॉर्टिना चालवणारे एरिक जॅक्सन यांच्या गाडीचे भाग काढून क्लार्क यांच्या गाडीला लावण्यात आले. ती दुरुस्ती उरकून गाडी पुन्हा रस्त्याला लागते न लागते तोच मागचा डिफरन्शिअल गेला. खरे तर इथे शर्यत संपायला हवी होती.

पण रस्त्याच्या कडेला एक कॉर्टिना उभी होती. कुणा सामान्य माणसाची, रोजच्या वापरातली. क्लार्क यांनी तिच्या मालकाला तिचा मागचा अ‍ॅक्सल विकत मागितला. मालक आधी नाखूश होता. क्लार्क यांनी त्याचे मन वळवले. अ‍ॅक्सल मिळाला, बसवला, गाडी निघाली. यात ऐंशी मिनिटे गेली.

ऐंशी मिनिटे म्हणजे किती, ते अंतिम निकालावरून मोजता येते. स्कॉटलंडचे अँड्र्यू कोवन आपल्या हिलमन हंटर गाडीतून ५० दंडगुणांवर पहिले आले. दुसरे आलेले पॅडी हॉपकर्क यांचे दंडगुण ५६. पहिल्या-दुसऱ्यातले अंतर सहा मिनिटांचे. क्लार्क दहावे आले. मुंबईत पहिला असणारा माणूस सिडनीत दहावा झाला, त्यात त्या अ‍ॅक्सलपायी गेलेल्या वेळेचा वाटा मोठा होता.

क्लार्क मागे पडल्यावर आघाडी बियांकी आणि त्यांचे सहचालक ओझिए यांच्याकडे गेली. सिडनी जेमतेम दीडशे किलोमीटरवर आले असताना त्यांच्या सिट्रोएनची समोरून येणाऱ्या गाडीशी टक्कर झाली आणि दोघे जखमी झाले. तिथे प्रथम पोचलेले हॉपकर्क थांबले; जखमींना मदत केली, आग विझवली. मागून आलेल्या कोवन यांना, सारे आटोक्यात आहे, तुम्ही पुढे जा, अशी खूण मिळाली. कोवन जिंकले. रॅलीपूर्वी त्यांनी कंपनीकडे ‘शेवटची येईल अशी गाडी’ मागितली होती, असे सांगतात. सिडनीपर्यंत पोचणारेच मुळी पाच-सहा असतील, तेव्हा टिकणारी गाडी हवी, हा त्यामागचा हिशेब. प्रत्यक्षात ५६ गाड्या पोचल्या.

५

हा किस्सा आता संहिता म्हणून वाचू या. त्यात तिघांनी क्लार्क यांच्या किंवा इतरांच्या गाडीसाठी आपले काही सोडले किंवा पणाला लावले. जॅक्सन यांनी आपल्या गाडीचे भाग दिले. हॉपकर्क यांनी अपघातापाशी आपला वेळ दिला. आणि त्या रस्त्याकडेच्या माणसाने आपल्या गाडीचा मागचा अ‍ॅक्सल दिला. पहिल्या दोघांना नाव आहे. जॅक्सन यांचा त्याग संघनिष्ठा म्हणून सांगितला जातो, हॉपकर्क यांचे थांबणे खिलाडूपणा म्हणून. दोन्ही सद्गुण शर्यतीच्या कथेत आधीपासून जागा राखून असलेले. तिसऱ्याचे कृत्य मात्र कोणत्याच रकान्यात बसत नाही. तो संघात नाही, स्पर्धक नाही, प्रेक्षक म्हणावा तर तेवढाही नाही. म्हणून नेहमी सांगितल्या जाणाऱ्या कथेत तो ‘कॉर्टिनाचा मालक’ एवढाच उरतो.

या माणसाविषयी कथा एकच गुणविशेष नोंदवते: तो आधी नाखूश होता. आम्हाला हे विशेषण साऱ्या किश्श्यातले सर्वांत मोलाचे वाटते. कथनाच्या दृष्टीने त्याचे काम क्षुल्लक आहे. मालक नाखूश असल्याखेरीज क्लार्क यांची चिकाटी उठून दिसत नाही, म्हणून ते तिथे आले आहे. पण फ्रेंच इतिहासकार मार्क ब्लॉख यांनी दाखवून दिल्याप्रमाणे, साक्षीदार जे सांगायला निघालेला नसतो तेच इतिहासाला पुष्कळदा अधिक उपयोगी पडते. ‘नाखूश’ या एका शब्दातून त्या माणसाची बाजू क्षणभर दिसते. त्याच्या लेखी ती गाडी खेळणे नव्हती. अ‍ॅक्सल निघाल्यावर ती आपल्या बळावर जागची हलणार नव्हती, हे यंत्राची रचना पाहिली की आपोआप कळते. क्लार्क यांना ऐंशी मिनिटे लागली; त्याला आपली गाडी पुन्हा रस्त्यावर आणायला किती वेळ लागला, हा प्रश्न शर्यतीच्या घड्याळाबाहेरचा आहे.

इथे एका मोहापासून सावध राहायला हवे. त्या माणसाला दाता बनवणे सोपे आहे आणि त्याला भांडवलदारी कंपनीचा बळी बनवणे त्याहून सोपे. आमच्या मते दोन्ही वाचने त्याच्यावर अन्याय करतात. तो विकायला तयार झाला, म्हणजे व्यवहार झाला. आणि आधी नाखूश होता, म्हणजे नुसता व्यवहार नव्हता. किंमत किती ठरली, त्यात उत्साह किती आणि भिडेचा भाग किती, यांतले काहीच कथा सांगत नाही. कथेने रिकामी ठेवलेली जागा आपल्या विचारसरणीने भरून टाकणे ही समीक्षेची जुनी खोड आहे. ती जागा रिकामी आहे, हे दाखवणे अधिक प्रामाणिक.

आणखी एक गोष्ट. तो अ‍ॅक्सल बसला कसा? लोटस कॉर्टिनाचे वैशिष्ट्य तिच्या इंजिनात होते. पाठीमागच्या बाजूने ती मोठ्या प्रमाणावर विकल्या गेलेल्या साध्या कॉर्टिनाचीच बहीण होती. कॉर्टिना ऑस्ट्रेलियातही जुळवली जात असे. म्हणूनच ती तिथल्या रस्त्याकडेला उभी सापडू शकली. मुंबईपर्यंत सर्वांच्या पुढे धावलेल्या गाडीच्या मागच्या चाकांना जोर देणारा भाग आणि बाजारहाटाला जाणाऱ्या गाडीचा तोच भाग यांत एवढे साम्य होते, की एक काढून दुसरा बसवता आला. सुटे भाग परस्परांत अदलाबदल करता येण्याजोगे बनवणे, हे एकोणिसाव्या शतकापासूनच्या कारखानदारीचे मोठे उद्दिष्ट. त्याचा हेतू उत्पादन स्वस्त करण्याचा होता. पण त्यातून एक अनपेक्षित गोष्टही घडली: कारखान्याने खास सज्ज केलेला नायक आणि सामान्य ग्राहक हे निदान अ‍ॅक्सलपुरते एका पातळीवर आले. ब्रिटिश मोटारी किती टिकाऊ, हे जगाला दाखवण्यासाठी ही रॅली योजली होती. आघाडीवरची गाडी टिकली नाही. तिला उभे केले ते तीच गाडी आधीच विकत घेऊन बसलेल्या एका नाखूश माणसाने. जाहिरातीला याहून बोलका पुरावा मिळाला नसता. पण जाहिरातीला विजेता लागतो.

६

पुढे काय झाले, तेही थोडक्यात पाहू. बियांकी त्या अपघातातून वाचले, पण मार्च १९६९ मध्ये ल माँ येथे गाडीची चाचणी घेताना मृत्यू पावले. क्लार्क यांनी १९७२ आणि १९७६ साली ब्रिटनची आरएसी रॅली जिंकली, दोन्ही वेळा मागच्या चाकांवर चालणाऱ्या फोर्ड एस्कॉर्टमधून. जिंकलेल्या हिलमन हंटरचे भाग्य आणखी वेगळे. इराणने १९६७ पासूनच ही गाडी परवान्याने ‘पैकान’ या नावाने बनवायला घेतली होती आणि २००५ पर्यंत ती तिथल्या मध्यमवर्गाची व टॅक्सीवाल्यांची गाडी राहिली. रॅलीतला विजय काही दिवसांचा. गॅरेजांतले आयुष्य अडतीस वर्षांचे.

मागच्या चाकांवरच्या रॅली गाडीचे दिवस मात्र भरत आले होते. १९८१ साली ऑडी कंपनी चारही चाकांना जोर देणारी ‘क्वाट्रो’ घेऊन जागतिक स्पर्धेत उतरली. त्या वर्षी आरी वातानेन एस्कॉर्टमधून आणि १९८२ साली वाल्टर रोर्ल ओपेल अस्कोनातून चालकांचे विजेतेपद मिळवून गेले खरे. १९८३ साली लान्चियाच्या ‘०३७’ ने उत्पादकांचे विजेतेपद मिळवले. त्यानंतर मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीने ते पुन्हा मिळवलेले नाही.

गाडीबरोबर नियमही बदलले. आजच्या जागतिक रॅलीत दुरुस्ती ठरलेल्या सेवा-तळावर, ठरलेल्या मिनिटांत होते. तिथे मागचा डिफरन्शिअल बदलणे हे मेकॅनिकांच्या तालमीतल्या पथकाचे काही मिनिटांचे काम असते. सेवा-तळाबाहेर गाडी मोडली तर फक्त चालक आणि सहचालक यांनीच, आणि गाडीत आधीपासून असलेल्या साहित्यानेच, ती दुरुस्त करायची. या नियमामागे न्यायाचा विचार आहे. श्रीमंत संघांनी वाटेवर जागोजागी माणसे पेरून ठेवू नयेत, हे योग्यच. परंतु त्याबरोबर रस्त्याकडेचा माणूसही कथेतून नियमानेच बाहेर गेला. १९६८ साली तो अनामिक होता. आता त्याला यायलाच बंदी आहे.

दुरुस्ती करणाऱ्याला नावाऐवजी धंद्याने ओळखण्याची सवय आपल्या समाजालाही नवी नाही. गावगाड्यात मोडलेला आख नवा करून देणारा ‘सुतार’ असे, आणि बलुत्याच्या हिशेबात तेवढेच पुरे. मराठी साहित्यात यंत्र आले, कामगारही आला: मर्ढेकरांनी यंत्रयुग कवितेत आणले, नारायण सुर्व्यांनी गिरणीच्या परिसरातला माणूस. पण यंत्राच्या पोटातले ज्ञान, म्हणजे क्राऊनच्या आवाजावरून फट ओळखणे, रंगाच्या ठशावरून शिम किती जाडीची हवी ते ठरवणे, हे आमच्या वाचनात मराठी गद्यात क्वचितच आले आहे. हे ज्ञान हाताचे आणि कानाचे आहे. ते पुस्तकातून कमी आणि उस्तादाकडून शागिर्दाकडे अधिक गेले आहे. म्हणजे जिला आपण मौखिक परंपरा म्हणतो, तीच ही.

ही परंपरा आपल्या डोळ्यांसमोर आटते आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सीताफ्यातून बाद झाली. अ‍ॅम्बॅसेडरचे उत्पादन २०१४ सालीच थांबले. या दोन गाड्यांचे मागचे अ‍ॅक्सल आयुष्यभर उघडत आलेली माणसे आज साठी-सत्तरीत आहेत, आणि त्यांतली पुष्कळशी मराठीत बोलतात. लोकगीते आणि ओव्या गोळा करण्याची कार्यपद्धती आपल्या विभागांकडे आहे. एम.ए.च्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यासाठी दरवर्षी विषय हवे असतात. तेव्हा एखाद्या वर्षी त्यांना जुन्या गॅरेजांत पाठवावे, शब्दांची आणि कामाच्या पद्धतींची नोंद करायला सांगावी, आणि सांगणाऱ्याची संमती घेऊन त्याचे नाव प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर लिहायला लावावे, अशी आमची सूचना आहे.